हिरव्या पुठ्ठ्याची घडी

५ मार्च

ही डायरी आमच्याच छापखान्यातली रद्द प्रत आहे. बांधणीत मार्चचे कागद दोनदा लागले आणि एप्रिल गळाला. अशा चाळीसेक प्रती रद्दीत निघाल्या, त्यातली एक मी घरी आणली आणि दोन महिने ती कपाटावर पडून होती. डायरी लिहिणारा माणूस मी नव्हे. पण परवापासून डोकं भणभणतंय, आणि बायकोपाशी बोलावं तर ती मधेच प्रश्न विचारते. कागद विचारत नाही.

परवा दुपारी कापणीच्या मशीनवर अपघात झाला. पाद्रीच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. पाद्री म्हणजे माझा मेहुणा, धाकट्या बहिणीचा नवरा. तो खरा पाद्री वगैरे काही नाही, कापणीवरचा कामगार आहे. पण डबा उघडण्याआधी डोळे मिटून पुटपुटतो, म्हणून छापखान्यात त्याला हे नाव पडलं. ते मीच पाडलं. मी तिथला फोरमन आहे, अठरा वर्षं.

मशीन जुनं आहे, पण साधं आहे. दोन काळी बटणं, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच पातं खाली येतं, म्हणजे हात आत असताना काप बसायला नको. आता एखादा शहाणा उजव्या बटणाच्या फटीत पुठ्ठ्याची घडी खुपसून ते दाबलेलंच ठेवतो. मग एका हाताने गठ्ठा धरता येतो आणि काम दीडपट होतं. नियमाने हा गुन्हा आहे. पाद्रीने तेच केलं होतं. अडकलेली कातरण काढायला त्याने उजवा हात आत घातला, डावा सवयीने बटणावर टेकला, आणि पातं आलं. त्याने सगळ्यांसमोर कबूल केलं. विषय संपला.

७ मार्च

दवाखान्यात जाऊन आलो. जायलाच हवं होतं, लोक बोलतात. बिस्किटांचा पुडा नेला. धाकटी खाटेशेजारी बसली होती, तिने पुडा घेतला आणि न बघता खिडकीत ठेवला. पाद्रीचा हात बोंडासारखा गुंडाळलेला. मला बघून त्याचा चेहरा उजळला. खोटं नाही लिहीत, उजळलाच. "दादा, तुम्ही जेवलात का?" म्हणाला. बोटं याची गेलीत आणि जेवणाची चौकशी माझी. हा माणूस माझ्या डोक्यात जातो तो असल्याच गोष्टींनी.

अकरा वर्षं मी याला बघतोय. आईच्या शेवटच्या आजारपणात हा तिचे पाय चेपत बसायचा आणि मी छापखान्यात जादा पाळ्या करत होतो, औषधं कोणाच्या पगारातून येत होती ते कोणी विचारलं नाही. आई गेली ती याचं नाव घेत. त्यानंतर मी चर्चची पायरी चढलो नाही. हा मात्र दर रविवारी तिथे प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट फिरवतो आणि सोमवारी माझ्याशी असा बोलतो, जणू मीच पाय चेपले होते.

९ मार्च

काल तपासनीस येऊन गेले. मशीन पाहिलं, घडी पिशवीत घातली. बांधणीचा हिरवा पुठ्ठा, तीन वेळा दुमडलेला. माझा जबाब घेतला. मी सांगितलं की मी तेव्हा वर मालकांच्या केबिनमध्ये फोनवर होतो. ते खरंच आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांची घाई होती हेही सांगितलं. दवाखान्यात पाद्रीला विचारलं तेव्हा तो म्हणे एवढंच बोलला की मला घडीबद्दल काही सांगायचं नाही. मालक म्हणाले, मग झालं तर. नियम मोडणाऱ्याला कामावर ठेवता येत नाही, म्हणून त्याला काढल्याचं पत्र मी स्वतः टाईप करून घेतलं. दोन ओळींचं पत्र आहे.

१२ मार्च

घरातलं जेवणाचं टेबल एका पायाने आखूड आहे. आज बायको खाली वाकून केर काढत होती. वाकूनच म्हणाली, "अहो, त्या मशीनमध्ये घडी कसल्या पुठ्ठ्याची होती?" मी म्हटलं, बांधणीच्या. "हिरव्या?" मी म्हटलं, छापखान्यात हिरवाच येतो, सगळ्यांच्या हाताशी असतो. टेबलाच्या पायाखालची घडी तिने झाडून पुन्हा नीट बसवली.

शर्टाच्या खिशात दोनतीन घड्या ठेवायची माझी सवय जुनी आहे. डुगडुगणारं काहीही मला सहन होत नाही. त्यावरून काही अर्थ निघत नाही.

१६ मार्च

पाद्री घरी आला. त्याच्या घरी म्हणायचं आहे. बायको रोज डबा घेऊन जाते आणि येऊन सगळं सांगते, मी विचारत नसलो तरी. त्याला पेन धरता येत नाही. चपलेचा पट्टा लावता येत नाही. कामाचं पत्र वाचून तो म्हणाला, ठीक आहे. धाकटी म्हणाली, काय ठीक आहे, आणि पत्राचे तुकडे केले.

मी लिहिलं होतं की त्याने सगळ्यांसमोर कबूल केलं. ते तसं नाही. तो बोललाच नाही. मालक धावत खाली आले आणि ओरडले की ही घडी कोणी घातली. पाद्री जमिनीवर बसला होता, हाताला कोणीतरी फडकं बांधत होतं. मी म्हटलं, "यानेच." त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खाली बघितलं.

घडी मी घातली होती. सकाळपासून मीच मशीनवर होतो. फोन आला म्हणून वर गेलो, जाता जाता त्याला म्हटलं, पुढचे गठ्ठे तू घे. घडी काढायची राहिली.

लिहून टाकलं. छाती मोकळी होते म्हणतात, तसं काही झालं नाही.

१९ मार्च

तीन दिवस एकच गोष्ट डोक्यात फिरते आहे. तो गप्प का बसला? मला एकच उत्तर दिसतं. त्याला मला मुठीत ठेवायचं आहे. बोटं गेली तर गेली, पण फोरमन आयुष्यभर मान खाली घालून फिरेल, हा त्याचा डाव. या भाविक लोकांचं हेच असतं. समोरच्याला शिवी दिली तर आपलं पुण्य बिघडेल, म्हणून माफी देतात. शिवीला उत्तर देता येतं.

लहानपणापासून मी ते ऐकत आलोय. आईचं तर पालुपदच होतं. पाप आपलं आणि वधस्तंभावर गेला तो. आपल्याला सगळं फुकट, लायकी नसताना, आणि म्हणे त्याचंच नाव कृपा. मी दहा वर्षांचा असताना आईला विचारलं होतं की शाळेत मी काच फोडली आणि छड्या वर्गातल्या हुशार पोराला बसल्या, तर गुरुजी चांगले की वेडे? आईने मला थोबाडीत दिली. आजही माझा प्रश्न तोच आहे. ज्याने केलं त्याने भोगावं. दुसऱ्याने भोगायचं आणि करणाऱ्याने मोकळं फिरायचं, याला मी प्रेम म्हणत नाही, अंदाधुंदी म्हणतो.

आणि हे मी, मोकळा फिरणाराच, लिहितोय. कळतंय मला.

२४ मार्च

गेलो एकदाचा त्याच्या घरी. दुपारची वेळ, धाकटी कामावर गेलेली. तो खिडकीशी बसून डाव्या हाताने अक्षरं गिरवत होता, पहिलीतल्या मुलासारखी. उठून पाणी आणायला लागला. पेला डाव्या हातात, उजव्याच्या उरलेल्या बोटाने तळाशी आधार, आणि अर्धं पाणी जमिनीवर. मी म्हटलं, बस. बसला.

मी सरळ विचारलं. "तुला माहीत होतं घडी कोणाची. गप्प का बसलास?"

त्याने पायानेच फडकं ओढून ओल्या फरशीवर टाकलं. मग म्हणाला, "तुम्ही फार घाबरला होतात, दादा. मी तुम्हाला तसं कधी बघितलं नव्हतं. माझी बोटं तर गेलीच होती. मी बोलल्याने ती येणार नव्हती. तुमचं मात्र सगळं गेलं असतं."

मी म्हटलं, अकरा वर्षांत मी तुझं काय भलं केलं ते सांग. तो हसला. "काहीच नाही की." आठवून बघ, म्हटलं. त्याने खरंच आठवून बघितलं, आणि म्हणाला, नाही, काही सापडत नाही. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उठून दार आपटून निघालो असतो.

मग मी माझं दहाव्या वर्षीचं काचेचं उदाहरण त्याला ऐकवलं. त्याने नीट ऐकून घेतलं. म्हणाला, तुमचं बरोबर आहे, त्यात न्याय नाहीच. पण त्या हुशार पोराने स्वतःहून हात पुढे केला असेल तर? मी म्हटलं, तर तो वेडा. "असेल," तो म्हणाला. "माझ्यासाठी कोणीतरी आधीच हात पुढे केलाय, दादा. मी रोज ते घेतो. मग एकदा दुसऱ्याला दिलं, त्यात माझं काय मोठं?"

मी सांगितलं, मला नको आहे. मी मागितलं नव्हतं. तो म्हणाला, मागून मिळालं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. मी निघालो. जिन्यात धाकटी भेटली, लवकर सुटली होती. तिने वाट अडवली.

"त्याने माफ केलं असेल. मी नाही केलं. तो डोळे मिटून बसतो आणि त्याच्या चपलेचा पट्टा मी लावते. तू इथे पुन्हा हात हलवत येऊ नकोस."

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी मला पटेल असं बोललं. मला तिचा रागच आला नाही.

२९ मार्च

मालकांकडे गेलो. केबिनचं दार लावून घेतलं आणि सांगितलं, घडी माझी होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, अहवाल पुढे गेलाय, हंगाम तोंडावर आहे, उत्तरपत्रिकांनंतर पाठ्यपुस्तकं येतायत, फोरमन मी कुठून आणू? तुमच्या मेहुण्याची तक्रार नाही ना? मग कशाला उकरता.

मी बाहेर आलो आणि मला हायसं वाटलं. तेही लिहून ठेवतो, कारण ते खरं आहे. चहा प्यायलो, दोघांवर उगाच खेकसलो, संध्याकाळी घरी येताना शीळ घालत होतो. बायकोने दार उघडलं आणि म्हणाली, सांगितलंत वाटतं? मी म्हटलं, सांगितलं, पण त्यांनी ऐकलं नाही. ती म्हणाली, "म्हणजे जो ऐकणार नाही अशाच माणसाला तुम्ही सांगितलंत." आणि आत गेली.

दुसऱ्या मार्चची १

आज एक एप्रिल. पण डायरीत इथून पुन्हा मार्च सुरू होतो. तारखा खोडत बसत नाही, कागद खराब दिसतो. तोच महिना पुन्हा आला, असं धरून चालतो.

मशीनला तपासनिसांनी नवी पट्टी लावायला लावली आहे, आता फटीत काही जात नाही. सकाळी मी खिशात हात घातला आणि घड्या बाहेर काढून कचऱ्यात टाकल्या. नंतर दिवसभर खिसा चाचपत होतो.

दुसऱ्या मार्चची ३

महिन्यापूर्वी याच तारखेला अपघात झाला, पहिल्या मार्चमधलं ते पान कोरंच आहे. आज रजा काढली. टेबलाच्या पायाखालची घडी काढून खिशात टाकली आणि तपासणीच्या कचेरीत गेलो. दीड तास बाकावर बसलो. माझ्या आधी एक बाई होती, तिला कुठल्याशा शिक्क्यासाठी परत पाठवलं. मनात आलं, मलाही परत पाठवलं तर बरं. नाही पाठवलं.

तपासनिसांसमोर घडी ठेवली. त्यांनी कपाटातून पिशवी काढली, त्यातली घडी माझ्या घडीशेजारी ठेवली. तीन दुमडी, कोपरा आत मुडपलेला. मी कोपरा आत मुडपतो हे मला आजवर माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं, तुमच्या मेहुण्याने खोटा जबाब दिला का? मी म्हटलं, त्याने जबाबच दिला नाही. खोटं मी बोललो. ते लिहून घेताना मला एक शब्द दोनदा सांगावा लागला.

दुसऱ्या मार्चची ११

फोरमनचं पद गेलं. मालकांना ठपका आला, त्यांनी तो व्याजासकट माझ्यावर काढला. नोकरी टिकली ती केवळ हंगामामुळे. घड्या घालणाऱ्या बाकावर बसवलंय, कागदाच्या, बायकांच्या शेजारी. त्या पहिल्या दिवशी माझ्यापुढे बोलेनात, दुसऱ्या दिवशी माझी टिंगल सुरू झाली. ते बरं वाटलं. पाद्रीला परत बोलावलंय, तयार पुस्तकं तपासायला. एका हाताने होणारं काम आहे.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. मनाशी वाक्य ठरवून गेलो होतो आणि दारातच म्हणून टाकलं. "घे. आता फिटलं."

मला वाटलं होतं त्याला आनंद होईल. झालाही. त्याने मला मिठी मारली, मला ती कशी घ्यायची कळेना, मी हात बाजूला धरून उभा राहिलो. मग तो म्हणाला, "तुम्ही खरं बोललात, फार बरं झालं. पण दादा, फिटायचं काही नव्हतंच. ते तर तुम्हाला त्याच दिवशी दिलेलं होतं."

मी भडकलो. म्हणजे पद घालवलं, तोंड काळं केलं, बाकावर बसलो, आणि अजूनही मी याचा देणेकरीच? तो म्हणाला, देणेकरी नाही, भाऊ. मी म्हटलं, तू मला एकदा तरी मारशील का? एक तरी शिवी देशील? आतून धाकटीने एक शिवी दिली. अगदी साधी, लहानपणची, मी तिच्या पाटीवर पाणी ओतायचो तेव्हा द्यायची ती. जिन्यातल्या त्या भेटीनंतर माझ्याशी आपणहून बोललेला तिचा पहिला शब्द तो.

दुसऱ्या मार्चची २०

रविवार. गेलो होतो. आधीच सांगतो, विश्वास वगैरे ठेवायला नाही. पाद्री तिथे कसा वागतो, सगळ्यांना माझी गोष्ट सांगून झालीय का, ते बघायला गेलो. मागच्या बाजूच्या एका बाकावर बसणार होतो, तर तिथे धाकटी. तिने माझ्याकडे बघितलं नाही. पर्स उचलून मांडीवर घेतली, म्हणून जागा झाली. मी बसलो.

कोणालाही काही माहीत नव्हतं. मागच्या बाकावरच्या म्हातारीने मला ओळखलं, आईचं नाव घेतलं आणि म्हणाली, आलास का, ये. एवढंच. जणू मी दुकानात जाऊन आलो होतो.

मग भाकरीचं ताट फिरलं. पाद्रीच घेऊन आला. ताट डाव्या हातात, खाली उजव्या हाताचा उरलेला अंगठा आणि एक बोट. बाकामागून बाक करत आमच्यापर्यंत आला. धाकटीने तुकडा घेतला. त्याने ताट माझ्यापुढे धरलं. मी हळूच पण स्पष्ट म्हटलं, पुढे ने. मी लायक नाही, तुला माहीत आहे.

"इथे कोणीच लायक नाही, दादा," तो म्हणाला. "धरा."

मी हात मांडीवरच ठेवले. तो हलेना. मागचे लोक थांबले. आणि त्याचा उजवा हात थरथरायला लागला. जखम भरली आहे, पण जोर नाही त्यात. ताट माझ्या बाजूला कललं, तुकडे कडेला सरकले. ताट पडलं असतं. म्हणून मी ते धरलं. दोन्ही हातांनी धरावं लागलं, माझे दोन खालून आणि त्याचा तो हात माझ्या हातावर. तेवढ्यासाठीच धरलं. कडेचा तुकडा माझ्या अंगठ्याला चिकटून राहिला. तो मी परत ताटात टाकणार होतो, पण तोवर पाद्री पुढच्या बाकाकडे गेला होता.

तुकडा खिशात घातला. घड्या ठेवायचो त्या खिशात. घरी येईपर्यंत दोनदा चाचपून बघितला. बायकोने जेवायला वाढलं, तेव्हा काढून टेबलावर ठेवला. आधी वाटलं, पाखरांना घालावा. मग खाल्ला. कोरडा होता, बराच वेळ घशाखाली उतरला नाही.

वरच्या चारपाच ओळी नीट लागत नाहीत, अक्षर सगळं वाकडं आलंय. टेबलाच्या पायाखालची घडी तपासनिसांकडेच राहिली, दुसरी घालायची राहून गेली. टेबल फार हलतंय.